वाजवायची कधी? ब्लू रिजच्या डोंगरात चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार, ५ ऑक्टोबर २०२३: कॅरी ते मॉर्गनटन

सातला निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत नऊ वाजले. सासूबाई इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांच्याबरोबर प्रवासाला निघायचं म्हणजे दशम्या, लसणाची चटणी, पाण्याची कळशीएवढी बाटली, सगळं जागच्या जागी लागल्याशिवाय गाडी हलत नाही. नवरा गाडी चालवणार, मी शेजारी, मागे सासूबाई आणि त्यांच्या बाजूला पट्टा लावून बसवलेली माझी गिटार.

या प्रवासाचं निमित्त ती गिटारच. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी शिकायला लागले. तिसऱ्या की चौथ्या शिकवणीला गुरुजींनी एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. मला वाटलं दोन माणसं वाजवताहेत. ते म्हणाले, एकच बाई आहे, आणि तीही उजव्या हाताची फक्त दोन बोटं वापरते. बाईचं नाव एटा बेकर. नॉर्थ कॅरोलायनातल्या, म्हणजे आम्ही वीस वर्षं राहतोय त्याच राज्यातल्या, डोंगरपायथ्याच्या. मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

आय-४० महामार्गावरून पश्चिमेला तीन तास. गाडीत सासूबाईंना सगळी हकिकत सांगितली. ३१ मार्च १९१३ ला कॉल्डवेल काउंटीत एका कृष्णवर्णीय शेतकरी घरात जन्म. रक्तात आफ्रिकन, आयरिश आणि मूळनिवासी असे तिन्ही धागे. वडील बून रीड गिटार, बँजो, दोन्ही वाजवायचे. पोर तीन वर्षांची असताना शिकायला लागली. गिटार अंगापेक्षा मोठी, मांडीवर मावेना. मग ती गिटार पलंगावर आडवी ठेवायची आणि स्वतः जमिनीवर उभी राहून वरून तारा दाबायची. १९३६ मध्ये ली बेकर यांच्याशी लग्न झालं. नऊ मुलं झाली. मॉर्गनटनच्या कापड कारखान्यात सव्वीस वर्षं नोकरी केली. पोटापाण्यासाठी गिटार हातात घेतली ती साठाव्या वर्षी, नोकरी सोडून.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, नऊ पोरं, वर गिरणी. मग वाजवायची कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. मी एटाबाईंबद्दल मिळेल ते वाचलं होतं, पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता. सासूबाईंचं सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, म्हणून तो त्यांना पहिल्या झटक्यात पडला.

मॉर्गनटनला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाव लहान, नीटनेटकं, मागे निळसर डोंगरांची रांग. नगरपालिकेच्या सभागृहाबाहेर एटाबाईंचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१७ मध्ये उभारलेला. आम्ही तिथे तासभर होतो. बाकी पुतळा एकदा पाहून झाला, पण नजर सारखी हातांवर जात होती. सासूबाईंनी त्या हातावर आपला हात ठेवून पाहिला. म्हणाल्या, "कामाचा हात आहे."

मुक्कामी पोचल्यावर मी गिटार काढली आणि ही दोन बोटांची करामत त्यांना सावकाश करून दाखवली. अंगठा जाड तारांवर आलटून-पालटून फिरतो, धक-धक धक-धक, डग्ग्यासारखा, एकदाही न चुकता. तर्जनी बारीक तारांवर सूर वाजवते, पण ठेक्याच्या बरोबर मात्र नाही. किंचित आधी, नाहीतर किंचित नंतर. दोघांची गाठ पडते-पडते म्हणताना पडत नाही, आणि त्या हुलकावणीत सगळी गंमत आहे. याला पीडमाँट ब्लूज म्हणतात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत. मिसिसिपीकडचा ब्लूज घशातून ओरखडत येतो. हा हलका, नाचरा, पियानोवरच्या रॅगटाइमची आठवण देणारा. आणि त्यात बँजोचा हात मिसळलेला. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी इथे घडवलं. डोंगरातले गोरे लोक ते त्यांच्याकडून शिकले, आणि पुढे 'डोंगरी गोऱ्यांचं वाद्य' म्हणून त्याची ओळख झाली. ही गोष्ट इथे शाळेत शिकून मोठ्या झालेल्या माझ्या मुलीलाही माहीत नव्हती.

दुसरा दिवस, शुक्रवार: मॉर्गनटन ते ब्लोइंग रॉक

सकाळी नाश्त्याच्या ठिकाणी शेजारच्या टेबलावर एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. सासूबाईंच्या नऊवारीकडे बघून बोलायला आल्या. मी दुभाषी. त्या तरुणपणी याच गावात मोज्यांच्या कारखान्यात होत्या. दिवसाला किती डझन झाले त्यावर पैसे. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नगावर?" "हो, नगावर." मग बोटांचे सांधे, कानात बसलेला यंत्रांचा आवाज, पाळी सुटल्यावर रस्त्यात जाणवणारी शांतता, हे सगळं त्या दोघी एकमेकींना सांगत राहिल्या. मी मध्ये भाषांतर करायची थांबले तरी त्यांचं चाललंच होतं.

एटाबाईंच्या आयुष्यातलं एक वर्ष मला नेहमी अडवतं. १९६७. त्या वर्षी त्यांचे पती गेले, आणि त्याच वर्षी एक मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला. त्यानंतरही सहा वर्षं त्या कारखान्यात जात होत्या. हे सांगितल्यावर सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

लनोरवरून ३२१ क्रमांकाचा रस्ता डोंगर चढायला लागतो. मॉर्गनटन साडेतीनशे मीटरवर, ब्लोइंग रॉक अकराशेच्या आसपास. तासाभरात हवा बदलली, धुकं आलं, आणि मेपलची लाल झाडं धुक्यातून एकेक करून पुढे यायला लागली. सासूबाई म्हणाल्या आंबोली. खरंच तसंच होतं, फक्त पाऊस नव्हता.

मोझेस कोन यांची हवेली ब्लू रिज पार्कवेवर आहे. पांढरी, भरपूर खांबांची, समोर उतारावर पसरलेलं कुरण आणि खाली तळं. कोन डेनिमचे राजे म्हणून ओळखले जात. ग्रीन्सबरोला त्यांच्या घराण्याच्या गिरण्या होत्या. हवेली १९०१ च्या सुमारास पुरी झाली आणि १९०८ मध्ये ते वारले. आता सगळी इस्टेट राष्ट्रीय उद्यानखात्याकडे आहे आणि आत डोंगरी कारागिरांच्या वस्तूंचं दुकान आहे: टोपल्या, झाडू, गोधड्या. गोधड्यांपाशी सासूबाई रेंगाळल्या. टाका बघून म्हणाल्या, धावदोराच आहे.

माझं लक्ष मात्र व्हरांड्याकडे होतं. १९५६ च्या उन्हाळ्यात बून रीड आपल्या लेकीला घेऊन या हवेलीत फिरायला आले होते. तेव्हा पॉल क्लेटन नावाचा मॅसॅच्युसेट्सचा एक तरुण गायक-संग्राहक लोकसंगीताच्या शोधात या भागात आला होता. त्याच्या हातात गिटार होती. बून रीड सरळ त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, माझी मुलगी वाजवते, ऐका. एटाबाईंनी 'वन डाइम ब्लूज' वाजवलं. दुसऱ्या दिवशी तो ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्यांच्या घरी हजर. त्यातून दक्षिण ॲपलाचियाच्या, म्हणजे याच डोंगरपट्ट्याच्या, वाद्यसंगीताची जी तबकडी निघाली, तिच्यावर एटाबाई आहेत, बँजोवर खुद्द बून रीड आहेत, आणि बहिणीचे यजमान लेसी फिलिप्सही आहेत. म्हणजे अख्खं घरच.

तेव्हा एटाबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं वाजवून झालं होतं, आणि घर-शेजारापलीकडे कुणाच्या कानावर पडलं नव्हतं. तबकडी निघाली, न्यूयॉर्क-बोस्टनच्या पोरांनी ती घासून-घासून ऐकली, तिच्यावरून गिटार शिकली. आणि बाई सकाळी डबा घेऊन पाळीला जात राहिल्या.

त्या ऐकणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय मुलगा होता, पुढे जगभर नाव झालेला. त्याने स्वतःचं नाव घेतलं ताज महाल! हे ऐकून सासूबाई प्रथमच मोठ्यांदा हसल्या. पण हा ताज महाल आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबरही वाजवून गेला आहे, १९९५ मध्ये. तबकडीवरच्या 'रेलरोड बिल'मधल्या एटाबाईंच्या बोटांनी आपल्याला घडवलं, असं तो मोकळेपणी सांगतो. पुढे म्हातारपणी त्याच एटाबाईंबरोबर तो वाजवायला बसला, त्याची तबकडी २००४ मध्ये आली. बाई तेव्हा नव्वदीच्या पुढे होत्या.

व्हरांड्यात डोलखुर्च्या मांडलेल्या असतात. मी गिटार काढून बसले. बून रीडनी लेकीला पुढे केलं ती जागा नेमकी कुठली, व्हरांडा की पायऱ्या, याचा विचार करत 'वन डाइम'ची पहिली ओळ वाजवली. बोटं गारठली होती, अंगठा दोनदा घसरला. नवरा आणि सासूबाई शेजारच्या खुर्च्यांत डोलत होते. दुकानातून एक बाई गोधडीची पिशवी घेऊन बाहेर आली, पायरीवर थांबली, ओळ संपेपर्यंत ऐकलं आणि गेली.

तिसरा दिवस, शनिवार: किंग्सपोर्ट आणि हिल्टन्स

आज खूप गाडी चालली. ४२१ वरून टेनेसीत उतरलो, ब्रिस्टलला स्टेट स्ट्रीटवर पाय मोकळे केले. रस्त्याचा एक काठ टेनेसीत, दुसरा व्हर्जिनियात, मध्ये पितळी खुणा. सासूबाईंनी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला.

याच रस्त्यावरच्या एका इमारतीत १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर या गृहस्थांनी डोंगरातल्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली. कार्टर कुटुंब त्यात सापडलं: ए. पी., त्यांची बायको सारा आणि भावजय मेबेल. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा पाया म्हणून त्यांचं नाव घेतात. पण मी आज त्यांच्यासाठी आले नव्हते.

त्याच ऑगस्टमध्ये इथून जवळच, किंग्सपोर्टच्या सिमेंट कारखान्यात बावीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय कामगाराचा पाय यंत्रात सापडला. गुडघ्यापासून कापावा लागला. नाव लेस्ली रिडल. घरी पडून असताना त्याने गिटार धरली. पुढे उजव्या हाताची दोन बोटंही एका अपघातात गेली. उरलेल्या बोटांनी त्याने स्वतःची वेगळीच पद्धत बसवली. गावातल्या कृष्णवर्णीय वादकांत त्याची ऊठबस होती. ब्राउनी मॅगी त्यातलाच, पोलिओने पाय अधू झालेला. धाकटा भाऊ त्याला गाड्यावर बसवून काठीने ढकलायचा, म्हणून भावाचंच नाव 'स्टिक' पडलं. ब्राउनी पुढे न्यूयॉर्कला जाऊन मोठा झाला. लेस्ली रिडलला जग विसरलं.

ए. पी. कार्टर १९२८ मध्ये त्याला किंग्सपोर्टलाच भेटले आणि आपल्या घरी घेऊन गेले. पुढची काही वर्षं ही जोडी डोंगरभर गाणी गोळा करत हिंडली. शब्द ए. पी. कागदावर उतरवून घ्यायचे, पण चाल त्यांच्या डोक्यात टिकत नसे. चाल लेस्लीच्या डोक्यात राहायची. एकदा ऐकली की पक्की. घरी आल्यावर तो ती सारा आणि मेबेलना वाजवून दाखवायचा. काळा आणि गोरा एका खानावळीत जेवू शकत नव्हते, त्या काळात हे दोघे एका गाडीतून घरोघर फिरत होते. कृष्णवर्णीयांच्या घरांत आणि चर्चमध्ये ए. पी.ना लेस्लीमुळे दार उघडायचं. तबकड्यांवर नाव आलं ते मात्र ए. पी. कार्टरांचं. मला या गोष्टीचा राग येतो, आणि ए. पी.ंनी त्याला घरात वाढलेलं ताट आठवलं की तो राग पुरता धरवतही नाही.

हिल्टन्स हे व्हर्जिनियातलं गाव, क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी. चर्चमागच्या दफनभूमीत ए. पी. आणि सारा यांची थडगी आहेत, त्या दगडांवर तबकडी कोरलेली. पितृपंधरवडा चालू होता. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या, दोन्ही थडग्यांना हात जोडले. मग विचारलं, "आणि तो चाली लक्षात ठेवणारा? त्याचं कुठाय?" मी म्हटलं, आई, तो इथे नाही. दशमीचा एक तुकडा मोडून त्यांनी कुंपणाच्या दगडावर ठेवला. आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत कावळा आला होता. त्या वळूनवळून बघत होत्या.

संध्याकाळी कार्टर फॅमिली फोल्ड. ए. पी.ंची मुलगी जॅनेट हिने वडिलांना दिलेल्या शब्दाखातर १९७४ मध्ये सुरू केलेलं हे ठिकाण. दर शनिवारी रात्री साडेसातला कार्यक्रम. विजेची वाद्यं चालत नाहीत, दारू चालत नाही. लाकडी मंडप, शेतातल्या कोठारासारखा, आणि मंचासमोर नाचायला मोकळी जागा. खायला बीन्स आणि मक्याचा पाव. सासूबाईंनी पाव लसणाच्या चटणीबरोबर खाल्ला आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यालाही लावून दिला. दोघांनी पुन्हा मागितला.

वाजवणारे तरुण होते, फिडल, बँजो, गिटार, डबल बेस. लोक उठून नाचायला लागले, बुटांच्या तळाला पत्रा ठोकलेला, कटकट कटकट. एक आजोबा होते, कमरेच्या वरचं अंग पुतळ्यासारखं स्थिर आणि खाली पाय विजेसारखे. मी गिटारवाल्या मुलीचा उजवा हात बघत बसले. ती मेबेलच्या पद्धतीने वाजवत होती, अंगठ्याने जाड तारांवर सूर आणि बाकी बोटांनी वरून झटका. ही पद्धत घडताना मेबेलसमोर लेस्ली रिडल बसायचा, आणि त्याच्याकडून आपण बरंच घेतलं, असं तिनेच नंतर लोकसंगीताचे वादक-संग्राहक माईक सीगर यांना सांगितलं. त्यावरून सीगर त्याच्या शोधाला लागले. १९६५ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सापडला. गिटार विकून वीस वर्षं झाली होती. सीगरांनी त्याला पुन्हा वाजवायला बसवलं. ती ध्वनिमुद्रणं तबकडी होऊन आली १९९३ मध्ये. तेव्हा तो हयात नव्हता.

मुक्कामी पोचेपर्यंत साडेअकरा.

चौथा दिवस, रविवार: बर्न्सव्हिल आणि घर

आय-२६ वरून सॅम्स गॅपची खिंड ओलांडून पुन्हा नॉर्थ कॅरोलायनात. सकाळची उन्हं, दरीत ढग साचलेले.

बर्न्सव्हिल हे लेस्ली रिडलचं जन्मगाव, १९०५. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं सगळ्यात उंच शिखर, माउंट मिचेल, याच काउंटीत, २०३७ मीटर, म्हणजे कळसूबाईहून बरंच वर. गावाच्या चौकात एका दर्यावर्दी कप्तानाचा पुतळा आहे, गावाचं नाव त्याच्यावरून. रिडलच्या नावाने इथे संगीताचा कार्यक्रम होतो. आम्ही गेलो तेव्हा चौक रिकामा, सगळे चर्चला. आम्ही बाकावर बसलो आणि मी फोनवर त्याचं गाणं लावलं. मऊ आवाज, घाई नाही. तीन बोटांची गिटार आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. एक संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, अजून लाव.

स्प्रूस पाइन, मॅरियन करत परत आय-४० ला लागलो. मॉर्गनटनची पाटी आली तसं मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचं, मला चार दिवसांत सुचलेलं, उत्तर सांगायला लागले. एटाबाईंचं लहानपण ज्या घरात गेलं तिथे वाजवणं हा वेगळा कार्यक्रम नव्हता. मक्याची कणसं सोलायला शेजारी जमले की वाजवायचं, रात्री नाचायला जमले की वाजवायचं. बहीण कोरा वाजवायची, नवरा पियानो वाजवायचा. मोठेपणी, एखादी अडलेली जागा आपल्याला झोपेत, स्वप्नात सुटते, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे पाळी सुटली, पोरं निजली, की झोपेतही बोटं चाललेलीच.

सासूबाई म्हणाल्या, "मग तसंच. आम्ही पण मागावर ओव्या म्हणायचो की. आवाज कुणाला ऐकू जायचा नाही, ओठ तेवढे हलायचे."

लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्या ओव्या म्हणतात हे मला पहिल्यांदा कळलं. नवऱ्यालाही. त्याने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी हळू केली. मी म्हटलं, आई, म्हणा ना एक. त्या नाही-नाही म्हणाल्या, हिकरीची पाटी गेली, स्टेट्सव्हिलची गेली. मग विन्स्टन-सेलमच्या अलीकडे कधीतरी, खिडकीबाहेर बघत, त्यांनी एक सुरू केली. दुसरी आपोआप आली. तिसरीचा शेवट विसरल्या, तिथे गुणगुणून वेळ मारून नेली. मी मांडीवर उजव्या हाताच्या अंगठ्याने ठेका धरला, धक-धक धक-धक, आणि तो ओवीत बरोबर बसत होता.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. एटाबाई वारल्या त्या २३ सप्टेंबर २००६ ला, त्र्याण्णव वर्षांच्या असताना, आजारी मुलीला भेटायला व्हर्जिनियात गेल्या होत्या तेव्हा. राष्ट्रीय सन्मान १९९१ मध्येच मिळाला होता, त्याच साली त्यांची स्वतःच्या नावाची पहिली पूर्ण तबकडी आली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. हे मी सासूबाईंना दशम्यांचे डबे घासताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर? मग मला अजून चार वर्षं आहेत."

त्या झोपायला गेल्यावर मी गिटार पिशवीतून काढली, पलंगावर आडवी ठेवली आणि पलंगाशेजारी जमिनीवर गुडघ्यांवर बसले, म्हणजे डोळे तीन वर्षांच्या मुलीच्या उंचीला येतील. वरून तारा दाबायला भलताच जोर लागतो. चार बोटं पुरत नाहीत, एका वेळी दोनच तारा धरता येतात. त्या दोन धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जाड तार छेडली. गादीमुळे आवाज दबून आला, गोधडीखालून आल्यासारखा. शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अजून एकदा वाजव."